गरम पाण्याच्या झऱ्यांना आधी संरक्षण द्या, सुशोभीकरण नंतर

तुरळ व राजवाडी (ता. संगमेश्वर) येथील ग्रामस्थ आणि मुंबईकर चाकरमानी यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

महोदय,

मुंबई-गोवा महामार्गावरचे तुरळ आणि तिथून आत वळल्यावर लागणारे राजवाडी ही आमची गावे गरम पाण्याच्या कुंडांमुळे ओळखली जातात. गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोलीतले उन्हवरे, आरवली आणि पुढे राजापूरचे उन्हाळे अशी ही झऱ्यांची रांगच कोकणातून गेली आहे. अशा ठिकाणांसाठी निधी आला की फरशी, कमान आणि रंगीत दिवे यांचाच आराखडा पुढे येतो. कुंडाला पाणी कुठून येते, याचा विचार त्यात नसतो. आमचा आग्रह आहे की सुरुवात तिथूनच व्हावी.

या पाण्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि दाबाने दुसऱ्या भेगेतून वर येते. कुंडाच्या तळाशी वाळूतून बुडबुडे फुटताना दिसतात, ते या लांबच्या प्रवासाचे शेवटचे टोक. मधल्या वाटेत कुणी खोल बोअर मारली, तर दाब उतरतो, थंड पाणी मिसळते आणि झरा कोमट होतो किंवा आटतो. तुटलेली भेग जोडून देणारा कंत्राटदार कुठेच मिळत नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी मागणी अशी: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून झऱ्यांचे पाणलोट क्षेत्र ठरवून घ्यावे आणि त्यात नवी बोअर, चिरेखाण व सुरुंग यांना बंदी करावी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात बंधन घालण्याची तरतूद आहे. तिचा आधार इथे घ्यावा. महामार्गाचे काम असो की खासगी रिसॉर्ट, झऱ्याजवळ खोदाईपूर्वी भूवैज्ञानिकाची पाहणी सक्तीची करावी. झऱ्याचे पाणी पाइप टाकून कुणाच्याही खासगी आवारात नेऊ देऊ नये.

त्याला जोडूनच, पाण्याचे तापमान आणि प्रवाह यांची मोजणी दरमहा व्हावी व नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. नोंदच नसेल, तर उद्या झरा मंदावला हे आम्ही कशाच्या जोरावर सांगायचे?

दगडांवर धरलेला हिरवट-तपकिरी थर अनेकांना घाण वाटतो आणि तो खरवडला जातो. उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती वस्ती आहे. अमेरिकेतील यलोस्टोनच्या अशाच झऱ्यातल्या जिवाणूपासून मिळालेल्या विकरावर पीसीआर चाचणी उभी राहिली. करोनाच्या काळात तिचे मोल सर्वांना कळले. आमच्या झऱ्यातले नमुने ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारूनच नेले जावेत आणि त्यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत व्हावी.

कुंडात साबण, शाम्पू, कपडे धुणे बंद व्हावे. निचऱ्याच्या तोंडाशी अडकलेल्या शाम्पूच्या पुड्या काढता काढता आमची मुले कंटाळतात, आणि तो फेस पुढे पऱ्याला मिळतो. साबणाच्या आंघोळीसाठी बाजूला वेगळी न्हाणी आणि तिच्या सांडपाण्याला शोषखड्डा हवा. बायकांसाठी कडी लागणारी, छप्पर असलेली कपडे बदलण्याची खोली हवी. साडीचा आडोसा धरून उभे राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

तुरळचे पाणी उगमाशी ६० अंशांच्या आसपास असते. एवढ्या गरम पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. तेव्हा उगमाभोवती कठडा आणि मोठ्या अक्षरांतला मराठी फलक लावावा. कोमट पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून जीव घेऊ शकतो, म्हणून डोके बुडवू नये, ही सूचनाही त्यावर असावी. रोग बरे होतात असे दावे मात्र फलकावर नकोत. दुखऱ्या सांध्यांना शेकाने आराम पडतो, तेवढे सांगितले तरी पुरे.

वाहनतळाचे शुल्क ग्रामपंचायतीकडे यावे आणि विक्रीच्या जागा गावातल्या महिला बचत गटांना मिळाव्यात.

पावसाळ्यापूर्वी आपण, भूजल यंत्रणेचे अधिकारी आणि ग्रामस्थ यांची संयुक्त पाहणी कुंडांवरच व्हावी. तिचा लेखी अहवाल दोन्ही गावांच्या ग्रामसभेत वाचला जाईपर्यंत सुशोभीकरणाच्या कोणत्याही कामाचा कार्यारंभ आदेश देऊ नये, ही विनंती.

आपले,
समस्त ग्रामस्थ, तुरळ व राजवाडी