हिवाळ्यातील मिळकत आणि पाण्याचा हिशेब

शेतीचे संगणकीय खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळले असतील. २०१६ साली निघालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा त्यांतील एक गाजलेला खेळ. त्यात प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. हिवाळा लागला, की बर्फ पडते आणि उघड्या शेतातील पिके मरून जातात. मग रोजचा पैसा आणायचा कोठून? खेळणारा गाई-कोंबड्या पाळतो, चीज करतो, मासे धरतो.

सोलापूरच्या शेतकऱ्याला हे चित्र उलटे वाटेल. त्याचा मुख्य हंगाम हिवाळाच! असे का? पिकाची वाढ सर्वांत अपुऱ्या असलेल्या घटकावर अवलंबून असते, हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख याने एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केला. तो पोषकद्रव्यांविषयी होता. पण तोच विचार येथे लावून पाहा. बर्फाळ देशांत हिवाळ्यात उष्णता अपुरी पडते. सोलापूरला ऊन भरपूर असते. अपुरे पडते ते पाणी.

येथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. सप्टेंबरात त्याचा जोर असतो. खोल काळी माती एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू फेब्रुवारीत काढणीला येतो. माती वाळून भेगा पडल्या, की त्यांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपणी करून भेगा बुजवतात. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे ते यासाठीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण शाळूचे धान्य वर्षातून एकदाच हाती येते. मग नियमित मिळकत कशी व्हावी? थंडीत हुरडा विकता येतो. शिवाय कडबा असतो. गेल्या वर्षीचा कडबा खाऊन पंढरपुरी म्हैस या हिवाळ्यात दूध देते आणि दुधाचा पैसा वरचेवर येतो. शाळूचा हिशेब केवळ धान्याच्या पोत्यांवर मांडणे म्हणूनच चुकीचे आहे.

कोणी म्हणेल, उसाचे काय? १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्यात ऊस वाढत गेला. उसाला कारखान्याचे ठरलेले गिऱ्हाईक असते. शाळू उपटण्याचे कष्टही नसतात. शेतकरी उसाकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु उसाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे येथील पावसाच्या तिप्पट. पाऊस चुकला, की ही मिळकतही चुकते.

माझे म्हणणे एवढेच, की खेळातून जमाखर्च जरूर शिका. पण त्या खेळातील तळे कधी आटत नाही, हे विसरू नका. शिक्षकांनी वर्गात आपल्या जिल्ह्याचा शेतीचा खेळ कागदावर तयार करून घ्यावा. त्यात दर महिन्याला तीन रकाने असावेत: रुपये, चारा आणि जमिनीतील ओल. तिसऱ्या रकान्यात शून्य आले, की पहिल्या दोहोंचे काय होते, ते विद्यार्थ्यांना मांडून पाहू द्या.