सोमवारचे पोट

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असे संपादकांनी बजावले होते. मी चकलीच्या भाजणीवर लिहायलाही बसले. पण भाजणी तुम्हांला माझ्यापेक्षा बरी जमते, आणि गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे घडले ते काही मनातून जाईना. तेव्हा भगिनींनो (आणि अंक आधी पळवून वाचणाऱ्या बंधूंनो), यंदा फराळ तुमच्याकडे.

आमचा नातू गेल्या वर्षी पाचवीत गेला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे आपल्या सरकारने 2024 साली ठरवले. पाचवीला ती सवलत नाही. त्यामुळे एकदम सातची शाळा. जूनमध्ये नवे दप्तर, नव्या वह्या, उत्साहच उत्साह. जुलै सरता सरता सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखू लागले. मग मंगळवारीही. रविवारी मात्र स्वारी ठणठणीत!

मी ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. सूनबाईने डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नीट तपासले आणि म्हणाले, "पोटात दोष काही नाही. पण दुखतं ते खरंच दुखतं हं. शाळेत काही झालंय का, बघा." यातले पहिले वाक्य तेवढे आम्ही घरी आणले. चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला, "नाटकं आहेत सगळी."

विचारले नाही असे नाही. रोज विचारत होतो. समोर उभे करून, हनुवटी वर करून, "काय झालं शाळेत? खरं सांग." पोलीस चौकीत याहून वेगळे काय विचारतात? उत्तर ठरलेले, "काही नाही."

दिवाळीच्या सुट्टीत खाली अंगणात किल्ला करायला घेतला. माती कालवायला मी बसले. गुडघे कुरकुरतात, पण माती अजून मला ऐकते. दोघांचेही हात चिखलात, डोळे बुरुजावर. मोहरी पेरून झाली, महाराज सिंहासनावर बसले, मावळे जागोजाग उभे राहिले. एक मावळा त्याने पार खाली, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"हा रे का एकटा?" मी सहज विचारले.

"तो मागच्या बाकावरचा आहे."

मी मान वर केली नाही. दगड बसवत राहिले. हळूहळू सगळे बाहेर आले. घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचतात. गणितात याला 20 पैकी 6. कमी गुणवाले मागे बसतात. पहिलीपासूनचा जिवलग मित्र पुढच्या बाकावर, आणि तो आता डबा खायलाही बोलावत नाही. त्यात कोणीतरी सांगितलेले, पाचवीत आता नापास करतात.

ते अर्धे खरे होते. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. तो नियम 2019 साली बदलला, आणि आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. पण नापास झाल्यास फेरपरीक्षा असते. त्यातही न जमले तरच त्याच वर्गात बसावे लागते. हे दुसरे अर्धे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीसुद्धा.

रात्री चिरंजीवांना हे सांगितले. वाटले, शाळेवर संतापेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तुला माझी पाचवीतली भाऊबीज आठवते?"

मला आठवेना.

"तू मामाला माझं प्रगतिपुस्तक वाचून दाखवलंस. सगळ्या भावंडांसमोर. गणिताचा आकडा आला तेव्हा सगळे हसले. तूही हसलीस. मी गच्चीवर जाऊन बसलो होतो, जेवायला उशिरा आलो. तू म्हणालीस, फराळ जास्त झाला वाटतं."

माझ्या लेखी ती गंमत झाली असेल. माझ्या स्मरणात तिची खूणही नव्हती, आणि त्याला मात्र कोण कुठे बसले होते तेही आठवत होते. बापलेकांना दरडावणे कोणी शिकवले, ते मला त्या रात्री कळले. "चुकलं रे माझं," मी म्हणाले. हे त्याला मी जन्मात प्रथमच म्हणत होते. तो "असू दे" म्हणाला, आणि उठून झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालून आला.

सुट्टीनंतर सूनबाई आणि तो वर्गशिक्षिकांना भेटले. मुलाला मानसिक त्रास देण्याला कायद्यात मनाई आहे, हे ठाऊक असून कायद्याचे पुस्तक बाहेर काढले नाही, ते बरे केले. बाई बिचाऱ्या साठ मुले सांभाळून दमलेल्या. पेपर घडी घालून देईन, म्हणाल्या, आणि देतात. घरी रात्री अकराची निजानीज नऊवर आणली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि आमचा साडेपाचला उठत होता! शाळा मात्र बुडवू दिली नाही. जितके दिवस घरी, तितका उंबरठा उंच होतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. (एखादे मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट बोलत असेल, तर वाट पाहू नका. 'टेली-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून आहे. फोन करायला लाजू नका.)

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी पोट दुखलेच. चिरंजीवांनी मोबाइल बाजूला ठेवला. "दुखतंय ना? मलाही दुखायचं. चल, कोपऱ्यापर्यंत येतो." मी गॅलरीतून पाहत होते. कोपऱ्यावर दोघे थांबले, पोरगा काहीतरी बोलला, बाप खाली वाकला. मग पोरगा एकटाच पुढे गेला.

दुपारी दप्तर टाकून पहिला प्रश्न, "आजी, चिवडा उरलाय?"

डब्याच्या तळाशी होता थोडा. बहुतेक शेंगदाणेच.