लूप कोणाच्या बापाचा?

यंदाच्या १४ एप्रिलला आमच्या ट्रकवर जे डफडं वाजलं, ते वाजवणारा माणूस ट्रकवर नव्हता. तो बेसात आपल्या घरी खाटेवर पडून होता. त्याचे हात तेवढे आम्ही आणले होते. एका पेटीत.

या पेटीला सॅम्पलर म्हणतात. आवाज गिळायचा आणि बोटानं दाबलं की ओकायचा, एवढंच तिचं काम. मी ती जुनी घेतली, हप्त्यानं. बेसात वावरं विकून प्लॉट पडले, प्लॉटवर फ्लॅट-स्कीमा उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठीमागं जी जुनी वस्ती उरली तिथं माझी खोली. चार घरं सोडून काका राहतात. मातंग. उभा जन्म लोकांच्या वराती वाजवल्या. त्यांचं नाव लिहिणार होतो. म्हणाले, "आधी पैसे आन, मंग नाव छाप." म्हणून नाव नाही.

पहिले काम सांगतो. कारण आपल्यातल्या पोट्ट्यांना वाटतं मशीनच सगळं करते. घंटा करते!

डफडं आधी शेकावं लागतं. चामडं तापलं की आवाज खणखणीत, थंड झालं की उतरतो. सुरुवातीचा तुकडा शेवटच्या तुकड्याला जोडला की दोन वेगळी वाद्यं वाटतात. मी दोनदा फसलो. काका म्हणाले, "बाप्पा, तुह्या मशीनलेही शेकून घे."

मग कापणं. १२० च्या गतीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, चार मात्रांचा फेरा बरोबर दोन सेकंदांचा. समजा कापताना शेवट दहा मिलिसेकंद लांबला. कानाला कळतही नाही. पण साठ फेऱ्यांनी, म्हणजे दोन मिनिटांत, डफडं बाकी गाण्याच्या ०.६ सेकंद मागं पडतं. एका मात्रेहून जास्त! नाचणारे पाय तिथं अडखळतात आणि शिव्या आम्हाला बसतात. शिवाय आवाजाची लाट शून्यावर असेल तिथंच कापायचं, नाहीतर दर फेऱ्याला 'टक्' ऐकू येतं. आणि सुरुवात कुठून? शहरातले शहाणे सर्वात मोठा ठोका बघतात आणि तिथून कापतात. काकांच्या ठेक्यात मोठा ठोका फेऱ्याच्या मधे येतो. तिथून कापलं की अख्खं गाणं डोक्यावर उभं राहतं.

आता मशीनला मशीन जोडायची. त्याची भाषा १९८३ ची, मिडी नावाची. एक मशीन दर मात्रेला २४ इशारे फेकते, बाकीच्या त्या इशाऱ्यावर चालतात. इशारा देणारीला इंग्रजीत काय म्हणत होते? मास्टर. चालणारीला? स्लेव्ह. मालक आणि गुलाम! अलीकडे काही कंपन्यांनी शब्द बदललेत. बरं केलं. पण वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही, दोस्तहो. माझ्या आज्याला गावचा पाटील असाच इशारा करायचा. हात वर केला की डफडं, खाली केला की चूप.

त्याच मशीनवर क्वांटाइझ नावाचं बटन आहे. ते मात्रेचे सारखे चौकोन पाडतं आणि प्रत्येक ठोका उचलून जवळच्या चौकोनात कोंबतं. काकांचा ठेका तिना-तिनाचा. त्यांची बारीक काडी दरवेळी किंचित आधी पडते, आणि त्या किंचितनंच पाय उचलतो. मी बटन दाबलं. काकांनी ऐकलं. "हा कोन वाजवून राह्यला? सरकारी मानूस वाटते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. एकेक ठोका वेगळा कापला आणि काकांनी जिथं ठेवला तिथंच ठेवला. फेऱ्याची सुरुवात तेवढी घड्याळाला बांधली, आतलं सगळं मोकळं. डेट्रॉइटचा काळा पोरगा जे डिला चौकोन झुगारून बोटानं असंच वाजवायचा. २००६ साली तो गेला. आज त्याची मशीन वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये काचेत आहे.

दुसरा काळा माणूस, ग्रेगरी कोलमन. १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या बँडच्या एका गाण्यात त्यानं जेमतेम सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. ते सात सेकंद पुढं हजारो गाण्यांत कापून लावले. इंग्लंडमध्ये अख्खं जंगल-संगीत त्यावर उभं राहिलं. कोलमनला छदाम मिळाला नाही. तोही २००६ सालीच गेला. २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून बँडच्या पुढाऱ्याला २४,००० पौंड दिले, तोवर कोलमन कुठं होता?

हे सांगितलं की आपले लोक माना डोलावतात. गोरे चोर, शोषक, भांडवलदार! आणि आपण?

माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होता. गावी परतला आणि त्यानं डफड्याचं चामडं कोयत्यानं फाडलं. ठीक केलं. हजारदा ठीक केलं. ती वेठ होती, हुकुमाची होती. म्हणून आमच्यातला एक कार्यकर्ता परवा माझ्यावर खेकसला, "गुलामीचं वाद्य परत आणतोस?" मी विचारलं, "साहेब, काल ट्रकपुढं कशावर नाचत होता?" म्हणे, ते डीजे होतं.

डीजे होतं! म्हणजे माणूस दिसला की गुलामी, आणि त्याच माणसाचा हात पेटीत बंद केला की क्रांती? आपण डफडं सोडलं, मातंगांच्या गळ्यात राहू दिलं, आणि आता त्यांचाच ठेका पेन ड्राइव्हवरून फुकट उचलतो. ट्रकच्या एका बाजूला अण्णाभाऊंचा फोटो लावतो. साऊंडवाल्याला रोख, जनरेटरवाल्याला रोख, फटाक्यांना वेगळी वर्गणी. काकांना काय? एक शाल. तीही ३ एप्रिलच्या बैठकीत ठरली आणि १४ ला विसरली.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. मिक्सिंगसाठी तो लूप मी एका स्टुडिओला दिला. महिन्याभरात 'ट्रायबल ड्रम ०३' नावानं तो मला दुसऱ्याच्या गाण्यात भेटला. भांडायला गेलो. म्हणाले, लोककला आहे, तिला मालक नसतो. सवर्ण वाजवतो तेव्हा घराणं, वारसा, रॉयल्टी. मांग वाजवतो तेव्हा लोककला! पण माझ्याकडं तरी काय होतं? काकांच्या सहीचा एक कागद नव्हता.

आता कागद केलाय. फाइलच्या नावातच वाजवणाऱ्याचं नाव आणि तारीख. ट्रक कोणाचाही असो, लूप लावला तर त्या दिवशी जनरेटरवाल्याला जेवढे, तेवढे काकांना. बेसाच्या तीन मंडळांपुढं ठेवला. एकानं सही केली. एकानं, अध्यक्षांना विचारतो म्हटलं. तिसऱ्यानं विचारलं, "मांगाले कायचे पैसे?"

तिसऱ्या मंडळाच्या पेन ड्राइव्हमध्ये आमचा लूप अजून आहे. रविवारी संध्याकाळी तो पुसायला जातोय. काकाही येणार म्हणतात, डफडं घेऊन. ज्यांना यायचं त्यांनी सहा वाजता बेसा चौकात यावं.