लघुसंदेशांचे नियम आणि ग्राहकाची संमती

जाहिरातीचे पत्रक घरोघर पाठवावयाचे तर व्यापाऱ्याला कागद, छपाई आणि टपालहंशील यांचा खर्च सोसावा लागे. हा खर्चच त्याच्या उत्साहाला लगाम घालीत असे. मोबाइलवरील व्यापारी लघुसंदेशाने तो लगाम काढून घेतला. आता एका संदेशास काही पैसे पुरतात. तो वाचणाऱ्याचा वेळ, त्याचे विचलित होणारे लक्ष आणि प्रसंगी होणारी फसवणूक यांचा आकडा मात्र पाठवणाऱ्याच्या हिशेबवहीत कोठेच येत नाही. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराची किंमत मालक देत नाही, शेजारी देतात, हे पिगूसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. व्यापारी लघुसंदेशाचा प्रश्न हा वस्तुतः त्याच जातीचा आहे.

आपल्या देशात या प्रश्नावर योजलेले उपाय पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक उपायाने अडचणीचे एक टोक पकडले, तेव्हा दुसरे टोक हातून निसटले. २००७ साली नको असलेल्या दूरध्वनींविरुद्ध नाव नोंदविण्याची सोय झाली. २०१० च्या विनियमांनी संदेशांचे सात विषयवार वर्ग पाडले आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात व्यापारी संदेशांना मनाई केली. २०११ मध्ये तर एका सिमकार्डावरून दिवसाला शंभर, आणि पुढे दोनशे, एवढेच संदेश पाठविता येतील असे बंधन आले. व्यापाऱ्यासाठी लावलेला हा चाप सामान्य नागरिकाच्या बोटांवर बसला. अखेर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक संदेशांपुरते ते बंधन रद्द केले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, १९ जुलै २०१८ रोजी प्रसिद्ध केलेले विनियम अधिक विचारपूर्वक रचलेले होते. संख्येवर बंधन घालण्याऐवजी त्यांनी ओळखीवर भर दिला. पाठवणारी संस्था, संदेशाच्या माथ्यावर दिसणारे तिचे नाव, मजकुराचा नमुना आणि ग्राहकाची संमती या चारही गोष्टींची ब्लॉकचेन तंत्रावर आधारलेल्या सामायिक नोंदवहीत नोंद व्हावी, आणि नोंदीशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवावा, अशी ही योजना. तत्त्व उत्तम होते. परंतु ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष लावली गेली, तेव्हा अनेक बँकांचे ओटीपी अडकले, व्यवहार खोळंबले आणि लसीकरणाच्या नोंदणीतही व्यत्यय आला. संस्थांनी आपले नमुने वेळेवर नोंदविलेच नव्हते. ट्रायला ती चाळणी सात दिवस स्थगित ठेवावी लागली. त्रास मात्र भोगला तो रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाने.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने या व्यवस्थेला काहीशी धार आली आहे. संदेश जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा की शासकीय, हे आता पाठवणाऱ्याच्या नावापुढील अक्षरावरून कळते. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर गेली. नोंदणी न केलेल्या प्रेषकावर पूर्वी तीस दिवसांत कारवाई अपेक्षित होती, ती आता पाच दिवसांत व्हावयाची आहे. चालू व्यवहारापुरती दिलेली संमती सात दिवसच टिकेल आणि ग्राहकाने नकार दिल्यावर नव्वद दिवस त्याला पुन्हा विचारता येणार नाही, हेही स्वागतार्ह होय.

तथापि, तीन उणिवा शिल्लक राहतात. पहिली संमतीची. खाते उघडताना, विमा घेताना किंवा दुकानात बिल करताना बारीक अक्षरांतील कलमाखाली केलेली सही ही खरी संमती नव्हे. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ काय?

दुसरी उणीव भाषेची. एका संदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीतील अवघी ७०. काना, मात्रा, वेलांटी हीदेखील त्या सत्तरांतच मोजली जातात. तोच मजकूर मराठीत पाठविल्यास दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात. साहजिकच संस्था इंग्रजीकडे वळतात आणि खात्यातून पैसे गेल्याची वार्ता ज्याला सर्वाधिक कळावयास हवी, त्यालाच ती वाचता येत नाही. ठगाचे फावते ते नेमके येथे.

तिसरी उणीव कार्यक्षेत्राची. हे विनियम दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यावरून जाणाऱ्या संदेशांना व दूरध्वनींना लागू आहेत. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून येणारे व्यापारी संदेश त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. एक दार बंद केले की पाहुणा दुसऱ्या दाराने येतो.

यावर उपाय अशक्यप्राय नाहीत. सेवेची संमती आणि जाहिरातीची संमती यांसाठी स्वतंत्र सह्या असाव्यात व जाहिरातीला नकार दिल्यामुळे सेवा अडता कामा नये. बँकेच्या व्यवहाराच्या सूचनेचा दर ठरविताना लिपीमुळे पडणारा फरक मिटवावा. संदेश कोणत्याही माध्यमातून येवो, नियम एकच असावा. आणि तक्रार सिद्ध झाल्यावर वसूल होणाऱ्या दंडातील काही अंश तक्रारदारास मिळावा. १९०९ या क्रमांकावर तक्रार करण्यासाठी तोच आपला वेळ खर्च करतो, आणि त्याचा लाभ मात्र सर्वांना होतो.

धूर ज्याने सोडला त्याने त्याची किंमत द्यावी, हा न्याय कारखान्यांच्या बाबतीत आपण निदान तत्त्वतः मान्य केला आहे. ज्या संदेशावर सामान्य माणसाच्या बचतीची सुरक्षितता अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत तो नाकारण्याचे कारण दिसत नाही. उपद्रवी संदेशांच्या गर्दीत बँकेची खरी सूचनाही न वाचता पुसून टाकण्याची सवय लोकांना लागली, तर त्या हानीची भरपाई कोणताही दंड करू शकणार नाही.