नाव ठेवण्याआधी

आपल्या शिरूर कासार भागात चार माणसं बसली की शेतकरी उत्पादक कंपनी काढायची बोलणी निघतात. दहा उत्पादक जमले तर कायद्यानं ती काढता येते. काढावी. पण नावाचा विचार कोणी करीत नाही. पावतीपुस्तकं आधी छापतात, मंजुरी मागाहून!

कुणी सुचवतो, नावात ‘सहकारी’ घाला, लोकांचा विश्वास बसतो. विश्वास बसतो म्हणूनच ते घालता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १४५ प्रमाणे तो शब्द नोंदलेल्या सहकारी संस्थेचाच. बापजाद्यांनी शेअरची रक्कम भरून त्याला पत आणली, ती फुकट का वाटावी? उत्पादक कंपनीच्या नावाअखेर ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ लागतं. शिवछत्रपतींचं नावसुद्धा १९५० च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्याला लावता येत नाही.

मग राहतं ‘सिंदफणा’, नाहीतर ‘सिद्धेश्वर’. ठेवा की! पण तसंच नाव दुसऱ्या कंपनीनं घेतलंय का, हे आधी पाहा. जुन्याच नावाचे शब्द जोडले-तोडले, स्पेलिंग फिरवलं, तर ते नवं धरत नाहीत. शिवाय कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे गुळाच्या वेष्टनावरचा ट्रेडमार्क मिळाला, असं नव्हे. तो नोंदवायचा १९९९ च्या वेगळ्या कायद्याखाली. दुसऱ्याचा नोंदलेला ट्रेडमार्क आपल्या नावात आला, तर तो मालक कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून नाव बदलायला लावू शकतो. मग पाट्या, पोती, शिक्के, सगळा खर्च सभासदांच्या भागभांडवलातून.

नव्या कंपनीचं मंजूर नाव वीस दिवस राखून ठेवतात. तेवढ्यात नोंदणीचे कागद दाखल करावेत. पेंटरला त्यानंतर बोलवावं.