कागद दोन ठिकाणी, किल्ली आपल्या हाती



सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही. मग खरेदीखत, वाटणीपत्र, कर्जाच्या पावत्या, मुलांचे दाखले यांचे फोटो एकट्या मोबाइलमध्येच का? मोबाइल विहिरीत पडला की सारे गेले.

दुसरी प्रत गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठ्यात ठेवता येते. पण ते कोठार परक्याचे. तेव्हा माल तेथे धाडण्यापूर्वीच कुलूपबंद करावा. ‘क्रिप्टोमेटर’ हा प्रोग्राम ते काम करतो. संगणकासाठी तो विनामूल्य मिळतो आणि त्याची घडण उघडी असल्याने जाणकाराला ती तपासता येते. तो आपल्या संगणकावरच प्रत्येक फाइल, तिच्या नावासकट, सांकेतिक लिपीत बदलतो. कोठारवाल्याला दिसतात ती केवळ अगम्य अक्षरे.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. पासवर्ड विसरलात, तर प्रोग्राम करणाऱ्यांनाही हे कुलूप उघडता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच ‘रिकव्हरी की’ मागून घ्या. ती म्हणजे शब्दांची एक लांब ओळ. कागदावर उतरवून ट्रंकेत ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला जागा सांगा. नाहीतर कर्त्या माणसाचे बरेवाईट झाल्यास कागद असूनही घरच्यांना मिळणार नाहीत.

ड्राइव्हवरून चुकून पुसलेले संगणकावरूनही जाऊ शकते. यासाठी तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर असावी. अस्सल कागद तर जपायचेच.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो. तशीच वर्षातून एकदा साठ्यातली एखादी फाइल उतरवून उघडून पाहा. उघडली तरच ती प्रत खरी.