फेटेवाला, मुहूर्त आणि दोन हजार

लग्नसराई सरली की किनवट तालुक्यातल्या आमच्या इस्लापुरात हिशेब सुरू होतात. मंडपवाल्याचा, आचाऱ्याचा, बँडवाल्याचा, आहेराच्या वहीचा. यंदा आमच्या गल्लीतल्या मामांच्या हिशेबात एक रक्कम अशी आली की तिचा मानकरीच ठरेना. दोन हजार रुपये. मोबाईलवर मेसेज होता: आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली आहे, ई-चलान भरावे.

मामा हे साऱ्या गावाचेच मामा. त्यांनी तो मेसेज आधी पोराला दाखवला, मग स्टँडसमोरच्या हॉटेलात दाखवला. पेपरात लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं असा गावाचा एक समज आहे, त्यामुळे फिरत फिरत फोन माझ्या हातात आला.

"सर, ह्ये खरं हाय का कुणी फसवायलंय?"

प्रश्न रास्त होता. आरटीओ चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाईल येते, ती उघडली की मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि खातं रिकामं होतं. असे प्रकार गेल्या दोन-तीन वर्षांत इतके झालेत की खऱ्या दंडाला खोटा समजण्याची सोयही लोकांना मिळाली आहे. त्यावर उपाय सोपा. मेसेजातल्या लिंकला हात लावायचा नाही. राज्याच्या वाहतूक पोलिसांचं ई-चलानाचं संकेतस्थळ आपल्या हाताने टाईप करून उघडायचं. सरकारी पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. तिथं गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात. ते आकडे आरसी बुकावर, आरसी बुक बोलेरोच्या डॅशबोर्डात, बोलेरो हिमायतनगरला बियाणं आणायला गेलेली. संध्याकाळपर्यंत थांबलो.

संध्याकाळी फोटो उघडला आणि शंकेला जागा उरली नाही. समोरून घेतलेला फोटो. पांढरी बोलेरो, बोनेटवर झेंडूची माळ, नंबर प्लेटीभोवती चौकट. कोपऱ्यात मर्यादा ७०, वेग ९४, तारीख मामांच्या घरच्या लग्नाची, वेळ सकाळी अकराच्या पुढची. चालवणारा मामांचा सख्खा भाचा. त्याच्या शेजारी मांडीवर कापडाचं गाठोडं घट्ट धरून, डोळे मोठे करून बसलेला नांदेडचा फेटेवाला. वेगाचा पुरावा म्हणून यंत्राचा आकडा नसता तरी फेटेवाल्याचा चेहरा पुरेसा होता.

तसा तो पुरला नसता म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ या बाबतीत चांगलं काटेकोर आहे. 'गाडी फार वेगात होती असं मला वाटलं' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी धरता येत नाही. त्या मताला यंत्राने मोजलेल्या वेगाचा आधार लागतो. म्हणून तर रस्त्याच्या कडेला वेग मोजणारी गन लावलेली गाडी उभी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियमांत आणखी भर घातली. फोटो, मोजलेला वेग, जागा, तारीख, वेळ हे सगळं नोटिशीत हवं, नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी, यंत्राला दरवर्षी नव्याने प्रमाणपत्र हवं, आणि कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते हे सांगणारी पाटी लोकांना दिसेल अशी हवी. चलान लढवायचं तर ते या मुद्द्यांवर. मामांना मेसेज तिसऱ्याच दिवशी आला होता. (पुष्कळांना तो येतच नाही, कारण गाडी घेताना आरटीओच्या कागदावर एजंटाने स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला असतो. दंड साचत जातात आणि गाडी विकायच्या वेळी एकदम पुढे येतात.)

म्हणजे लढायला जागा नव्हती. प्रश्न उरला पैसे कुणी द्यायचे याचा, आणि खरं भांडण तिथंच होतं.

मामांचं म्हणणं, "चालवत व्हता त्यो. म्या का भरू?" भाच्याचं म्हणणं, "भोकर सोडल्यापासून चार फोन केलात मामा तुम्ही. कुठंवर आलास, कुठंवर आलास. मुहूर्त टळला तर तुझ्यावर येईल म्हणलात. मी म्हणलो यायलो, यायलो. मग हळू कसं यावं?"

हॉटेलातल्या बहुमताने भाच्याला दोषी धरलं. पण कायदा पूर्णपणे हॉटेलाच्या बाजूने नाही. त्याच कलम १८३ चं चौथं पोटकलम मला फार आवडतं. एखादा प्रवास अमुक वेळात पुरा कर असं फर्मान कुणी काढलं, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते पाळणं शक्य नाही असं कोर्टाला वाटलं, तर फर्मान काढणाऱ्यानेही गुन्हा केला याचा तो सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. वेळापत्रक छापणाऱ्या बसमालकाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं असणार. पण इस्लापूरच्या लग्नघरात बसून वाचलं की ते मुहूर्तालाही लागू पडतं असं वाटतं. आपल्याकडे पत्रिकेत १२ वाजून ५ मिनिटे असं छापतात, ती पत्रिका म्हणजे एक वेळापत्रकच की! मी हे पोटकलम वाचून दाखवल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी मात्र आतून बोलल्या, "बरं झालं."

आता त्या घाईने किती कमावलं, तेही बघू. भोकरपासून इस्लापूरपर्यंतच्या टापूत रस्ता मोकळा सापडून सापडून पन्नास किलोमीटर धरा. सत्तरने त्रेचाळीस मिनिटं लागतात, चौऱ्याण्णवने बत्तीस. अकरा मिनिटं वाचली. तीसुद्धा वाटेत एकही गुरांचा कळप, एकही ट्रॅक्टर, एकही वरात आडवी आली नाही तर. उलट सत्तरला गाडी एका सेकंदात साडेएकोणीस मीटर जाते आणि चौऱ्याण्णवला सव्वीस. म्हशीने रस्त्यावर पाय टाकला हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेलेलाच असतो. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथं तो सत्तरच्या मानाने ऐंशी टक्क्यांनी जास्त. फेटेवाला वेळेत पोचला, तेव्हा नवरदेव अजून सलूनमध्ये होता. लग्न एक वाजून गेल्यावर लागलं.

आता हॉटेलातल्या सल्ल्यांकडे येतो. 'भरू नका, माफ होतंय' हा सगळ्यात मोठा पक्ष. त्याला हसणं सोपं आहे, पण त्याच्यामागे नुसता आळस नाही, अनुभव आहे. आमच्या किनवट तालुक्याच्या पलीकडे लगेच तेलंगण लागतं, आदिलाबादला रोजची ये-जा असते. तिथल्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये थकलेल्या चलानांवर सूट जाहीर केली: दुचाकीला ८० टक्के, मोटारीला ६० टक्के. त्याआधी २०२२ मध्येही दिली होती. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम सोडली. तेलंगणात दुचाकीच्या ज्या मालकाने वेळेवर भरलं त्याला हजार पडले आणि जो गप्प बसला तो दोनशेत सुटला. मग हुशार कोण? महाराष्ट्रातही जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी संप केला, त्यात जुन्या चलानांची माफी ही मागणी होतीच.

आणि मराठवाड्याला तर हे गणित कर्जमाफीने शिकवलं आहे. २००८, २०१७, २०१९. नियमित फेड करणारा बहुतेक वेळा बांधावर उभा राहून बघत राहिला. पुढे २०१९ च्या योजनेत त्याच्यासाठी पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन आलं, पण तोवर 'भरणारा येडा' ही म्हण पक्की होऊन गेली होती. हॉटेलातला माणूस दंडाकडे त्याच नजरेने बघतो. तरी इथं मी मामांना अडवलं. पीककर्ज थकतं त्याला पाऊस कारण असतो, भाव कारण असतो. बोलेरोच्या ॲक्सिलरेटरवर पाऊस पाय ठेवत नाही. दंडाला सूट द्यायची चाल पडली की तो दंड राहत नाही, वर्षाअखेरचा सेल होतो, आणि वसुलीसाठी आसुसलेली सरकारंच ती चाल पाडतात. मला यात थकवणाऱ्यापेक्षा सूट देणाऱ्याचा जास्त राग येतो.

'ओळख काढा' हा दुसरा पक्ष. तो आता म्हातारा झाला. चलान एकदा यंत्रणेत चढलं की ठाण्यातला ओळखीचा जमादार फार तर चहा पाजू शकतो.

दोन हजार ही रक्कम मोठी की छोटी, याबद्दल मात्र मी हॉटेलाच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये दंड वाढवले, तेव्हापासून मोटारीला वेगाचे दोन हजार लागतात, मग मोटार कुणाचीही असो. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे इस्लापूरच्या मजुराच्या पोराने पाहुण्याची गाडी चालवताना हा दंड ओढवून घेतला तर सहा दिवसांच्या वर मजुरी गेली. समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्या बड्या गाडीच्या मालकाचं तेवढ्यात एक जेवण होतं. फिनलंडमध्ये याची वेगळी रीत आहे. तिथं मोठ्या वेगाचा दंड माणसाच्या कमाईवर ठरतो. २०२३ च्या जूनमध्ये ओलांड बेटांवरच्या आंदर्स विकलोफ नावाच्या धनाढ्य उद्योगपतीने ५० च्या टापूत ८२ ने गाडी नेली आणि त्याला १ लाख २१ हजार युरो दंड झाला. कोटी रुपयांच्या वरची गोष्ट. आपल्याकडे उत्पन्नाचे दाखले कसे निघतात हे पाहता ती रीत इथं आणायची कल्पनाच करवत नाही. सगळ्यात महागड्या गाडीवाल्याकडे सगळ्यात कमी उत्पन्नाचा दाखला निघेल. पण सरसकट दोन हजार हा न्याय नाही, ही टोचणी राहतेच.

शेवटी भाच्याने फोनवरून भरले. मामा म्हणाले, अर्धे देतो. दिले की नाही ते मी विचारलं नाही. भाच्याला एक गोष्ट सांगून ठेवली. याच गुन्ह्यात दुसऱ्यांदा सापडलास तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे, आणि मग मामाचा फोन आला तरी चालवताना उचलायचा नाही, बाजूला गाडी लावून उचलायचा.

हे सगळं इथंच आटोपलं असतं, पण त्याच पानावर खाली दुसरं चलान निघालं. वर्षभरापूर्वीचं, रक्कम पाचशे, जागा दूरच्या एका मोठ्या शहरातला चौक. गुन्हा: हेल्मेट न घालणे. बोलेरो त्या शहरात कधी गेलेली नाही, आणि गेली असती तरी बोलेरोत हेल्मेट कोण घालतं? फोटो उघडला तर सिग्नलला उभी एक स्कूटी, पाठीला दप्तर लावलेली कॉलेजची पोरगी. नंबर प्लेटीवरचा शेवटचा आकडा अर्धा पुसलेला. आमच्या गाडीच्या नंबरात तिथं आठ आहे, तिच्यावर बहुधा शून्य किंवा तीन.

मामा हसले, मग चिडले. "मघाचे भरले तर ह्ये बी भरून टाका. कटकट नगं." इथं मी ठाम नाही म्हणालो. आपली चूक असेल तर तिथल्या तिथं भरावं, आणि जे आपलं नाहीच त्याचा एक पैसा देऊ नये. भरलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. बोलेरोचा फोटो, आरसी बुकाचा फोटो जोडून, फोटोतलं वाहन दुचाकी आहे, आमचं चारचाकी आहे, एवढं दोन ओळींत लिहिलं. पोच आली. त्याला आता बरेच आठवडे झाले. पानावर 'प्रलंबित' असं दिसतं.

दरम्यान लोकअदालतीचा मेसेज आला. त्यात हे पाचशे रुपये होते. मामांना तिथं जायचं आहे. मी सांगितलं की लोकअदालत म्हणजे तडजोड. तिथं फी नाही, वेळ कमी लागतो हे खरं, पण दोघांच्या संमतीने एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. ज्याला आपल्या दंडाची रक्कम जड वाटते त्याच्यासाठी ती चांगली जागा. दुसऱ्याच्या स्कूटीसाठी तडजोड कसली करायची? तिथं जायचं तर 'मान्य नाही' असं सांगायला जायचं.

मामांचा हिशेब निराळा आहे. "सर, तिथं अर्ध्यात मिटतंय म्हणं. अडीचशे. किनवटला जायाचं-यायाचं, दिवस मोडायचा, परत तारीख लागली तर पुन्हा जायाचं. त्यापरीस अडीचशे देऊन मोकळं होऊ." त्यांच्या आकडेमोडीत चूक काढता येत नाही, हीच माझी अडचण आहे. मी रोज संध्याकाळी त्यांना तत्त्व सांगतो, ते मला पेट्रोलचा भाव सांगतात. तारखेला अजून वेळ आहे, आणि आमचं अजून ठरलेलं नाही.